खोडवा फवारला की हिरवा, आठ दिवसांनी पुन्हा पांढरा

प्रश्न थोडक्यात असा. नेवासा तालुक्यातली काळी जमीन, विहिरीचं पाणी. जानेवारीत ऊस तुटून गेला, खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक) आता अडीच महिन्यांचा झालाय. वरची कोवळी पानं पिवळी होत होत पांढरी पडली आहेत. दुकानातून तीन बाटल्या आणल्या (एक सूक्ष्म अन्नद्रव्याची, एक ह्युमिकची, एक ‘टॉनिक’) आणि दोनदा फवारल्या. आठ-दहा दिवस हिरवेपणा येतो, मग नवीन निघालेलं पान पुन्हा पांढरंच. माती अहवालात सामू (पीएच) ८.४, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, मुक्त चुना १४ टक्के, लोह ३.१, जस्त ०.४५, मंगल (मँगनीज) ६.२, तांबे १.९, बोरॉन ०.७ पीपीएम. “आता कोणती बाटली मारू?” असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता, भावाचं सोयाबीन दर जुलैत पिवळं पडतं, तेही हेच का?

चौथी बाटली आणू नका. हा उसातला ‘केवडा’ दिसतोय, म्हणजे लोहाची कमतरता. पण नुसतं अहवालावरून ते मी छातीठोक सांगणार नाही. आधी शेतात जाऊन दोन गोष्टी बघा.

सकाळी एखाद्या पांढऱ्या बेटापाशी (एका बुडख्यातून आलेल्या फुटव्यांच्या झुबक्यापाशी) बसा. सगळ्यात वरचं उलगडलेलं पान आणि खालून दुसरं-तिसरं पान, दोन्ही तोडून शेजारी शेजारी धरा. लोह एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही. जुनं पान नव्याला उसनं देत नाही. म्हणून केवड्यात खालची पानं चांगली हिरवी आणि पोंग्यातली (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतली) पांढरट, असं उलटं चित्र दिसतं. फार पांढरं झालेलं पान घेऊ नका, नुकतं पिवळं व्हायला लागलेलं घ्या आणि उन्हाकडे धरा. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका, रेघी वहीच्या पानासारख्या बुडापासून शेंड्यापर्यंत सरळ रेघा दिसल्या तर लोह समजा. खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडत असतील तर ती नत्राची (नायट्रोजनची) कमतरता आहे, आणि तिथे लोह मारून काही होणार नाही.

एक फसवी गोष्ट खोडव्यात हमखास दिसते. एखाद्याच बेटात गवतासारखे बारीक, पांढरेपिवळे, खंडीभर फुटवे आलेत आणि शेजारचं बेट धडधाकट आहे, तर ती ‘गवताळ वाढ’. तो रोग आहे, बेण्यातून येतो, आणि त्याला कुठलंही अन्नद्रव्य लागू पडत नाही. असं बेट मुळासकट काढून शेताबाहेर न्यायचं. लोकं त्याच्यावर महिना-महिना लोह फवारत बसतात. पावसाळ्यात पोंग्याची पानं बुडाशी पिवळी पडून पिळवटतात, तो पोक्का बोइंग, बुरशीचा. तुमच्या सध्याच्या हंगामात तो संशय कमी.

दुसरी गोष्ट, शेतात पांढरं कुठे पडलंय ते बघा. पाटाच्या तोंडाशी, जिथे पाणी जास्त मुरतं? खोलगटात? की जिथे नांगरटीत चुनखडीचे खडे वर येतात त्या पट्ट्यात? दरवर्षी त्याच जागी पडत असेल तर दोष त्या जागेच्या मातीत आहे. अशा वेळी अख्ख्या दोन एकरांवर खर्च करायचं कारण नसतं. मी अशी शेतं पाहिली आहेत की चाळीस गुंठ्यांतले आठ गुंठेच आजारी, आणि औषध मात्र सगळ्याला.

एवढं बघूनही खात्री होत नसेल तर माझी सगळ्यात आवडती चाचणी करा, खर्च शून्यात जमा. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट (जुनी माणसं हिराकस म्हणतात ते) आणि शाम्पूचे दोन थेंब. कापसाच्या बोळ्याने एका पांढरट पानाच्या मधल्या शिरेच्या फक्त डाव्या बाजूला हे पुसा, उजवी बाजू कोरडी ठेवा, आणि पानाला लाल दोरा बांधा. शेजारच्या बेटात तसंच झिंक सल्फेटचं करा, दोरा वेगळ्या रंगाचा. पाच-सहा दिवसांनी या. जिथे द्रावण मुरलं तिथे हिरवे ठिपके, हिरवी पट्टी उमटलेली दिसेल. ज्या दोऱ्याचं पान हिरवं झालं ते तुमचं उत्तर. पान प्रयोगशाळेत पाठवायचं म्हणत असाल तर लोहापुरतं ते करू नका: पांढऱ्या पानातही एकूण लोह पुष्कळ वेळा हिरव्या पानाइतकंच भरतं, फक्त ते पानाच्या कामाच्या रूपात नसतं. अहवाल ‘पुरेसे’ म्हणतो आणि पान पांढरंच.

जमिनीतही हाच प्रकार आहे. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्या शंभर किलोत पाच किलोच्या आसपास लोह असतंच. अहवालातलं ३.१ पीपीएम म्हणजे त्यातलं पिकाला उचलता येण्याजोगं, दहा लाख भागांत तीन. लोहाची किमान पातळी ४.५ धरतात, जस्ताची ०.६, मंगलाची २, तांब्याची ०.२, बोरॉनची ०.५. म्हणजे तुमच्याकडे पाचांपैकी दोनच कमी आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे हिशोबाला लागेल.

लोह असून मिळत का नाही? सामू एकाने वाढला की विरघळलेलं लोह जवळपास हजारपटीने कमी होतं, जस्त शंभरपटीने. ८.४ ला पोचेपर्यंत काय उरत असेल बघा. त्यात चुना आणि जास्तीचं पाणी एकत्र आलं की बायकार्बोनेट तयार होतं. मुळांचा आणि मातीतल्या जिवाणूंचा श्वास वाफसा नसलेल्या, म्हणजे ओलीबरोबर हवा खेळती नसलेल्या, जमिनीतून बाहेर पडत नाही, तो पाण्यात विरघळून चुन्याशी जुळतो. हे बायकार्बोनेट मुळाला लोह घेऊ देत नाही, आणि घेतलेलं पानात नीट वापरू देत नाही. खोडव्यातच केवडा जास्त का, याचंही उत्तर इथेच आहे. ऊस गवताच्या कुळातला, तो मुळातून एक द्रव्य सोडून लोह ओढून घेतो; त्यासाठी मूळ जिवंत आणि कोवळं हवं. खोडव्यात सुरुवातीचे दोन महिने नवा फुटवा जुन्या, काळ्या पडलेल्या मुळांवर जगतो, थंडीत नवी मुळं उशिरा फुटतात, आणि आपण तुटल्या तुटल्या भरपूर पाणी देऊन ती होती तीही गुदमरवतो. बुडखे जमिनीलगत छाटले का? बगला फोडल्या का, म्हणजे सरीच्या वरंब्याच्या बाजू नांगराने मोकळ्या केल्या का? नसतील फोडल्या तर बाटल्यांच्या आधी ते चुकलंय.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका शेतकऱ्याला एकरी दहा किलो फेरस सल्फेट थेट सरीत फोकून द्यायला सांगितलं. पुस्तकात मात्रा तीच होती. पंधरा दिवसांनी गेलो तर ऊस जसाच्या तसा पांढरा, आणि सरीच्या मातीवर गंजाचे तांबूस ठिपके. दिलेलं लोह पिकाकडे जायच्या आधीच चुन्याने आणि हवेने गंजवून टाकलं होतं. शेतकरी मला काही बोलला नाही, पण चहाही विचारला नाही.

मी शिफारशीतलं अर्धंच वाक्य वाचलं होतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची उसासाठीची शिफारस, जमिनीत कमतरता असेल तर, हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट, २० किलो झिंक सल्फेट, १० किलो मँगनीज सल्फेट आणि ५ किलो बोरॅक्स अशी आहे. आणि ती शेणखतात एकास दहा या प्रमाणात मुरवून द्यायची आहे. मुरवणं हाच त्यातला गाभा. तुमच्या अहवालाप्रमाणे मंगल आणि बोरॉन सोडून द्या. एकरी दहा किलो फेरस सल्फेट, आठ किलो झिंक सल्फेट, आणि दोनशे किलो चांगलं कुजलेलं, चाळलेलं शेणखत. सावलीत थर द्या: शेणखताचा एक, त्यावर हे पसरून, पुन्हा शेणखत. हाताने मूठ वळेल इतपत पाणी शिंपडा, जास्त नको. गोणपाटाने झाकून आठवडाभर ठेवा, मध्ये एकदा खालीवर करा. शेणखतातली आम्लं लोह-जस्ताला धरून ठेवतात, मग मातीतला चुना त्यांना इतक्या सहज गिळत नाही. उघडल्यावर खत काळसर दिसलं पाहिजे; वरवर तांबूस गंज दिसला तर कोरडं राहिलं किंवा खत कच्चं होतं.

हे फोकायचं नाही. बेटांच्या बाजूने मुळांच्या टप्प्यात चळी (उथळ चर) ओढून पट्ट्यात टाका, मातीने झाका, वाफशावर हलकं पाणी द्या. फोकलं तर ते मातीच्या कणाकणाशी भिडतं. पट्ट्यात गठ्ठ्याने राहिलं तर टिकतं.

उभ्या पिकाला तोवर दम धरता यावा म्हणून फवारणी. पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम फेरस सल्फेट, १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल, १५० ग्रॅम युरिया. क्रम महत्त्वाचा आहे: आधी पाण्यात सायट्रिक आम्ल, मग फेरस सल्फेट, शेवटी युरिया. तुमचं विहिरीचं पाणी जड असणार. आम्लाविना त्यात हिराकस टाकलं की अर्ध्या तासात द्रावण चहासारखं तांबूस होतं. तसं झालं तर ते पानावर मारण्यात अर्थ नाही, लोहाचा गंज झालाय. ताजं द्रावण फिकट हिरवट, जवळजवळ बिनरंगी असतं. संध्याकाळी, पोंग्यावर, स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारं द्रव्य) घालून मारा. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. आधी एका ओळीवर मारून दोन दिवस बघा, पान करपत नाही ना. आणि आठ दिवसांनी पुन्हा पांढरं का पडत होतं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. फवारलेलं लोह त्या पानापुरतंच. नंतर निघालेल्या पानाला मुळातूनच मिळायला हवं. तुमच्या बाटल्या खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. त्यांनी त्यांचं काम केलं, पुढच्या पानाचं काम त्यांचं नव्हतंच.

दुकानदार आता ‘ग्रेड-१’ची पिशवी सुचवेल. हिशोब करून बघा. राज्यात जमिनीतून द्यायच्या ग्रेड-१ मध्ये लोह २ टक्के, जस्त ५, मंगल १, तांबे ०.५, बोरॉन १ टक्का असतं. दहा किलोच्या पिशवीत लोह पडलं २०० ग्रॅम. दहा किलो फेरस सल्फेटमध्ये, १९ टक्क्यांनी, १ किलो ९०० ग्रॅम. जस्ताचंही तसंच: पिशवीतून ५०० ग्रॅम, आठ किलो झिंक सल्फेटमधून (२१ टक्के) १ किलो ६८० ग्रॅम. शिवाय मंगल, तांबे, बोरॉन तुम्हाला नको असताना पैसे देऊन घेताय. मिश्रणाची जागा आहे, ज्याने माती तपासलीच नाही त्याच्यासाठी. अहवाल हातात असताना मिश्रण घेणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून दुकानातल्या सगळ्या प्रकारच्या गोळ्या गिळणं.

चिलेटेड (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं) लोह घ्यायचं का? पानावर मारायला लोहाचं ईडीटीए हे चिलेट चालतं, सोयीचंही आहे, महाग पडतं एवढंच. पण तेच ठिबकातून ८.४ सामूच्या जमिनीत सोडू नका. साडेसहाच्या वर सामू गेला की ते लोहाचा हात सोडून कॅल्शियमचा धरतं. चुनखडीच्या जमिनीत टिकतं ते ईडीडीएचए हे दुसरं चिलेट, गडद तांबडं, लोह साधारण ६ टक्के. द्राक्ष, डाळिंब, लिंबूवर्गीय बागेत त्याचा पैसा निघतो. उसाला नाही निघत, माझं मत.

“मग चुनाच संपवू, गंधक टाकून?” हा प्रश्न दर महिन्याला येतो. एकराच्या वरच्या वीतभर थराचं वजन सुमारे नऊ लाख किलो. त्याचे १४ टक्के म्हणजे १२६ टन चुना. तो मारायला लागेल चाळीस टन गंधक. चाळीस किलो नव्हे. गंधक पट्ट्यात दिलं तर मुळाभोवती थोडी आम्लता येते, तेवढ्यापुरतं ते चांगलंच. जमीन बदलण्याची भाषा मात्र कोणी केली तर त्याला हा हिशोब दाखवा. जमीन चुनखडीचीच राहणार. तुमच्या हातात आहे तो कर्ब, तुमचा ०.४२ आहे. पाचट जाळलं असेल तर थांबवा, सरीत कुट्टी करून कुजवा. साखर कारखान्याच्या मळीचं कंपोस्ट मिळत असेल तर घ्या. पुढच्या लागणीआधी ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिकं गाडा.

जस्ताबद्दल थोडं. ०.४५ म्हणजे कमीच, पण ते लोहासारखं ओरडून सांगत नाही. कांड्या आखूड राहतात, फुटवा कमी, पान फिकट. शेतकरी म्हणतो ऊस ‘दबलाय’. १९६६ च्या सुमारास पंतनगरला डॉ. य. ल. नेने यांनी तराईतल्या भाताचा ‘खैरा’ हा जस्ताअभावी होतो हे दाखवून दिलं. तोवर त्याला रोगच समजत होते. आपल्याकडे जस्त कमी पडण्यात डीएपी या स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताचाही वाटा आहे. वर्षानुवर्षं स्फुरदाचा मारा झाला की जस्त पिकाला पोचत नाही. तुमच्या अहवालात स्फुरद ‘जास्त’ असेल तर या वर्षी डीएपी कमी करा, आणि झिंक सल्फेट त्याच्यात मिसळून तर कधीच देऊ नका. उलट बाजूने, जस्त एकदा मुरवून दिलं की दोन-तीन हंगाम पुरतं. दरवर्षी लागत नाही. हे कोणी दुकानात सांगत नाही.

झिंक सल्फेट विकत घेताना सावध. दिसायला मॅग्नेशियम सल्फेट हुबेहूब तसंच, आणि बरंच स्वस्त. मला एकदा एका दुकानातून आठ किलो ‘झिंक’ मिळालं होतं ते निव्वळ मॅग्नेशियम निघालं. तेव्हापासून घरीच तपासतो: काचेच्या ग्लासात डीएपीचे चमचाभर दाणे विरघळवायचे, गाळ बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या ग्लासात घ्यायचं. त्यात झिंक सल्फेटचं द्रावण ओतायचं. खरं असेल तर नासलेल्या दुधासारखा दाट पांढरा साका धरतो. मॅग्नेशियम असेल तर तसा साका येत नाही. (आणि डीएपीत जस्त मिसळू नका असं का म्हटलं, तेही याच ग्लासात दिसतं.) गोणीवर २१ टक्के लिहिलंय की ३३, हेही बघा, ३३ टक्केवाल्या मोनोहायड्रेटची मात्रा एकरी आठ नाही, पाच किलो.

बोरॉन तुमचं ०.७ आहे, हात लावू नका. टाकणखार (बोरॅक्स) स्वस्त मिळतो म्हणून मूठभर जास्त टाकायची सवय असते, पण कमी आणि विषारी यांच्यातलं अंतर बोरॉनइतकं अरुंद दुसऱ्या कोणाचं नाही. जास्त झाला की जुन्या पानांच्या कडा जळतात आणि काढून घेता येत नाही.

भावाच्या सोयाबीनचं. जुलैत आठ-पंधरा दिवस झड लागली, रानात वाफसा नाही, वरची पानं पिवळी, शिरा हिरव्या: तो लोहाचाच प्रकार, वर सांगितलेल्या बायकार्बोनेटचा. सोयाबीनचं मूळ उसासारखं द्रव्य सोडत नाही, ते भोवतीची माती आंबट करून लोह घेतं. बायकार्बोनेट ती आंबट होऊच देत नाही, म्हणून त्याला जास्त फटका. पण घाईने फवारू नका. एका वर्षी एका गावात सगळ्यांनी फवारलं आणि एकाचा पंप नेमका नादुरुस्त होता. उघाड पडून वाफसा आला, आणि त्याचंही रान इतरांसारखंच हिरवं झालं. पाणी काढायला चर, एक कोळपणी, आणि उघाडीनंतरही आठवडाभर पिवळं राहिलं तरच अर्धा टक्का फेरस सल्फेट. मात्र पिवळे आणि हिरवे चट्टे पानावर गोधडीसारखे वेडेवाकडे असतील, शिरांचा हिशोब नसेल, झाडं एखाददुसरी विखुरलेली असतील, तर तो पिवळा मोझॅक. पांढरी माशी बघा आणि ती झाडं उपटा.

माती तुम्ही कशाने काढली होती? नमुना लोखंडी फावड्याने काढून लोखंडी घमेल्यात मिसळला असेल तर लोहाचा आकडा फुगतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीने जस्ताचा. तुमचे आकडे तरीही कमीच आलेत, तेव्हा निष्कर्ष बदलणार नाही. पुढच्या वेळी खड्डा फावड्याने करा, पण त्याची बाजू लाकडी पट्टीने खरवडून वीतभर खोलीची माती घ्या, प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा. आणि मुक्त चुना वेगळा सांगून तपासून घ्या. मृद आरोग्य पत्रिकेच्या बारा घटकांत तो नसतो, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात कामाचा आकडा आहे. तुम्ही तो घेतलात म्हणून इतकं नेमकं बोलता आलं.

क्रमाने असं करा: उद्या बोळ्याची चाचणी, त्याच दिवशी शेणखताचा ढीग लावा, म्हणजे आठवडा वाया जात नाही. चाचणीत लोह निघालं की पहिली फवारणी, आठव्या दिवशी मुरलेलं खत चळीत. पाणी दोन पाळ्या लांबवा, वाफसा येऊ द्या. मधल्या दोन सऱ्या मुद्दाम कोऱ्या ठेवा, न फवारलेल्या, न खत दिलेल्या, दोन्ही टोकांना काठ्या रोवून. महिन्याने कळवाल तेव्हा त्या दोन सऱ्यांचा आणि शेजारच्या सरीचा फोटो एकाच चौकटीत घ्या, आणि बेटाचं वरचं-खालचं पान शेजारी शेजारी धरून एक.